‘एवढ्या पैशात सोनं आलं असतं’: जहांगीरमधून भांडत घरी परतलेल्या एका कुटुंबाला

पत्र (थोडं कमी करून देतेय):

“ताई, आम्ही सोलापूरचे. मिस्टर चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मे महिन्यात भावाकडे डोंबिवलीला गेलो होतो, तेव्हा एक दिवस मुंबई बघायची म्हणून बाहेर पडलो. सकाळी राणीची बाग, मग गेटवे, संध्याकाळी चौपाटी असा बेत होता. दुपारी उन्हाने आणि घामाने जीव नकोसा झाला, कुणीतरी म्हणालं जहांगीर आर्ट गॅलरीत एसी आहे आणि तिकीट नाही, म्हणून आत शिरलो. आमची मुलगी (नववी झाली, आता दहावी, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला ए ग्रेड आहे) एका मोठ्या करड्या रंगाच्या चित्रासमोर उभी राहिली ती हलेचना. मिस्टरांनी टेबलावरची यादी बघितली, त्या चित्राची किंमत एक लाख ऐंशी हजार. ते मोठ्याने बोलून गेले, यात आहे काय, एवढ्या पैशात सोनं आलं असतं. चित्रकार तिथेच बसलेले, त्यांनी ऐकलं. मुलगी रडकुंडीला आली, परतीच्या लोकलमध्ये भांडण, आणि आता ती म्हणते मला आर्टलाच जायचंय. मिस्टर म्हणतात दिवस वाया गेला. खरंच कलेला काही किंमत असते का, की हे श्रीमंतांचे चोचले? जूनच्या पहिल्या आठवड्यात भावाची वास्तुशांत आहे, परत एक दिवस मिळेल. काय करू?”
— एक आई, सोलापूर

प्रिय ताई,

सगळ्यात आधी हे सांगते की तुमचा दिवस वाया गेलेला नाही. पंधरा वर्षांची मुलगी, हातात मोबाइल नाही, बाहेर ऊन, पायांचे तुकडे पडलेले, आणि कुणी सांगितलेलं नसताना ती एका चित्रासमोर थांबते आणि हलत नाही. हे शिकवून येत नाही हो, क्लास लावूनही येत नाही. त्या एसीच्या निमित्ताने तुमच्या घरातली एक गोष्ट तुम्हाला कळली जी सोलापुरात बसून कदाचित अजून चार वर्षं कळली नसती.

आणि आता मिस्टरांची बाजू, कारण मला त्यांचा राग वगैरे अजिबात आला नाही. यात आहे काय हा प्रश्न गॅलरीत शिरलेल्या शंभरातल्या नव्वद माणसांच्या मनात असतो, फक्त ते बोलत नाहीत, भिंतीकडे बघत मान डोलावतात आणि बाहेर पडतात. तुमच्या मिस्टरांनी तो मोठ्याने विचारला. विचारायची जागा चुकली, विचारला चुकीच्या माणसाला (म्हंजे मुलीला), पण प्रश्न खरा आहे आणि त्याला खरं उत्तर मिळायला पाहिजे. ते न मिळाल्यामुळेच आपल्याकडे अर्ध्या लोकांना वाटतं कला म्हणजे फसवणूक आणि उरलेल्या अर्ध्यांना वाटतं आपण अडाणी.

तर आधी ते एक लाख ऐंशी हजार बघू. जहांगीरमध्ये कसं असतं, चित्रकार स्वतः हॉल भाड्याने घेतो, आठवडाभरासाठी, साधारण मंगळवारी प्रदर्शन सुरू होतं आणि पुढच्या सोमवारी संपतं. तो एक आठवडा मिळायला आधी अर्ज, निवड, आणि मग काही वर्षं वाट बघायची. बरेच जण नाशिक, कोल्हापूर, नांदेड, इंदूर असे बाहेरगावचे असतात, ते टेम्पो करून चित्रं आणतात, फ्रेमा स्वतःच्या खर्चाने, छापलेला कॅटलॉग स्वतःच्या खर्चाने, आठवडाभर मुंबईत राहायचं ते पण स्वतःच्या खर्चाने. समजा वीस-पंचवीस चित्रं लावली, त्यातली दोन गेली, तीन गेली. विकल्या गेलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लावतात, पुढच्या वेळी जाल तेव्हा बघा, कित्येक प्रदर्शनांत शेवटच्या दिवशीसुद्धा एकही टिकली नसते. म्हणजे त्या एका चित्राच्या किमतीत न विकल्या गेलेल्या चित्रांचा रंग आहे, कॅनव्हास आहे, हॉलचं भाडं आहे, आणि त्या माणसाची मागची कित्येक वर्षं आहेत. यादीवरची किंमत बऱ्याचदा चित्राच्या साइजवर आणि त्या चित्रकाराची आधीची चित्रं कितीला गेली यावर ठरते. चित्र किती चांगलं आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही. छोटं स्वस्त चित्र मोठ्या महागापेक्षा कितीतरी सरस असू शकतं आणि असतं.

आणि कोटींचे आकडे जे पेपरात येतात त्याबद्दल एक गोष्ट सांगते, ती तुमच्या जिल्ह्यातली आहे. एम. एफ. हुसेन पंढरपूरचे, जन्म १९१५ चा. मुंबईत येऊन सिनेमाची होर्डिंगं रंगवून दिवस काढले. १९५४ साली त्यांनी ‘ग्राम यात्रा’ नावाचं जवळपास चौदा फूट लांब चित्र काढलं, खेड्यातल्या आयुष्याचे तेरा प्रसंग एका शेजारी एक. ते दिल्लीत कामाला आलेल्या एका नॉर्वेच्या डॉक्टरांनी तेव्हाच विकत घेतलं, पुढे ते ऑस्लोच्या हॉस्पिटलला दिलं, आणि तिथे ते कित्येक दशकं भिंतीवर होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर गेलं, आपले साधारण ११८ कोटी. आता मला सांगा, त्या हॉस्पिटलात कुणीतरी नर्स, कुणीतरी डॉक्टर, ड्युटीवर जाता-येता त्या चित्राखालून जात असेल, त्या थंड देशात आपल्याकडच्या खेड्यातली माणसं बघत असेल. तेव्हा चित्र तेच होतं आणि २०२५ मध्येही तेच होतं, एक रेघ वाढली नाही की कमी झाली नाही. फक्त दोन पैसेवाले एकाच वेळी त्याच्या मागे लागले आणि आकडा चढला. तो आकडा बाजाराचा आहे, त्याच्याशी तुमचा आमचा काही संबंध नाही, तो खरा की खोटा, जास्त की कमी यावर तुम्ही नवराबायकोने लोकलमध्ये भांडायची तर अजिबात गरज नाही! त्या चित्राखालून जाणाऱ्या माणसाला जे मिळालं ते मात्र त्याचं होतं, आणि त्याला त्यासाठी कुणी बिल दिलं नाही. तुमच्या मुलीला त्या दुपारी जे मिळालं ते याच जातीचं आहे.

आता यात आहे काय, ते करडं चित्र. मी ते बघितलेलं नाही त्यामुळे ते चांगलं होतं की सुमार ते सांगू शकत नाही. पण मिस्टरांना एक विचारा. कारखान्यात नवीन माणूस आला आणि त्याच्यासमोर दोन चादरी ठेवल्या तर त्याला दोन्ही सारख्याच दिसतील ना? तुमचे मिस्टर नुसता हात फिरवून सांगतील कुठली वीण घट्ट, कुठे सूत हलकं वापरलंय, कुठली दहा धुण्यात जाणार. ते काही जन्मतः येत नाही, हजारो चादरी हाताखालून गेल्यावर येतं. चित्राचं पण तेच आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला करडा रंग दिसतो, शंभर चित्रं बघितलेल्याला त्या करड्याखाली निळा दिसतो, कुठे रंग खरवडून काढलाय ते दिसतं, कुठे चित्रकार थांबलाय ते दिसतं.

वासुदेव गायतोंडे म्हणून आपले चित्रकार होते, नागपूरला जन्मलेले, मूळ गोव्याचे, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, २००१ मध्ये गेले. ते रोलरने रंग लावायचे, पट्टीने काढायचे, परत थर चढवायचे, आणि वर्षाला अगदी मोजकीच चित्रं पूर्ण करायचे, बाकीचा वेळ नुसता विचार. दिल्लीत निजामुद्दीनला एका छोट्याशा खोलीत कित्येक वर्षं राहिले साधेपणाने. त्यांच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. पहिल्या मिनिटाला काही कळत नाही, पाचव्या मिनिटाला वाटायला लागतं की आपण पाण्यात खोल बघतोय. मला तरी तसं वाटतं, तुम्हाला वेगळं वाटेल, नाही पण वाटणार. आणि इतकं बघूनही मिस्टर म्हणाले मला नाही आवडलं तर तो त्यांचा पूर्ण हक्क आहे, कुणाच्याही नावाला घाबरून आवडलं म्हणायचं नाही. फक्त न बघता म्हणू नये एवढंच, आणि किंमत बघून तर नाहीच नाही.

श्रीमंतांचे चोचले म्हणालात. विकत घेऊन दिवाणखान्यात लावणं हे श्रीमंतांचंच काम आहे, खरंय. पण ताई, मुंबईतली सगळ्यात सुंदर कला फुकट आहे आणि रस्त्यावर आहे, आणि तुम्ही त्या दिवशी तिच्या खालून गेलात. डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटीला उतरलात ना? बाहेर येऊन रस्ता ओलांडा, महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभे राहा आणि वर बघा. गेटच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. वर दगडात मोर, पक्षी, प्राणी, पानाफुलांची वेलबुट्टी, कमानीकमानीला वेगळी. हे कोरीवकाम जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे, १८८० च्या आसपासच्या दशकात, म्हणजे तुमच्या मुलीपेक्षा थोडी मोठी पोरं असतील. त्यातल्या बहुतेकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत, आणि रोज लाखो माणसं त्यांच्या कामाखालून कामावर जातात. ते जे. जे. स्कूल तिथून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले होते, त्या काळचे एक लाख, आणि १८५७ ला शाळा सुरू झाली. पक्के व्यापारी होते ते, पैशाचा हिशोब त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा चांगला कळत होता.

तिथून अगदी जवळ क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई. जूनच्या पहिल्या आठवड्यात हापूस संपत आलेला असेल पण पायरी, केसर मिळेल, वास्तुशांतीला न्यायला आंबे घ्यायच्या निमित्ताने मिस्टर नक्की येतील. आत शिरायच्या आधी दारावरचं दगडी शिल्प बघा, शेतकरी कोरलेत. लॉकवूड किपलिंग यांनी डिझाइन केलेलं आहे, ते जे. जे. मध्ये शिकवायचे, मार्केट १८६९ चं. शेतमालाच्या बाजारावर शेतकऱ्याचं शिल्प, आणि ते भाजीवाल्यांसाठी, हमालांसाठी, पिशवी घेऊन येणाऱ्या बायांसाठी लावलंय, कुणा शेठच्या बंगल्यात नाही. आणि तुमच्या घरात, माहेरी, सासरी, कुठेतरी भिंतीवर लक्ष्मी नाहीतर सरस्वतीची जुनी फ्रेम असेलच. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, मग तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि राजेरजवाड्यांकडे दिसणारी चित्रं साध्या माणसाच्या घरात पोचली. आपल्या आज्ज्यांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं. कलेशिवाय आपलं घर कधीच नव्हतं, फक्त आपण तिला कला म्हणत नव्हतो.

मग त्या दिवशी बिनसलं कुठे? माझ्या मते ऊन आणि घाई. मुंबईचं मेमधलं तापमान सोलापूरपेक्षा कमी असतं पण हवेत दमटपणा एवढा की माणूस भिजून जातो, आणि आपल्या सोलापूरच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला ते जास्तच लागतं. त्यात राणीची बाग भायखळ्याला, गेटवे दुसऱ्या टोकाला, चौपाटी तिसरीकडे. भुकेलेल्या, घामाघूम माणसाला कुठलंही चित्र दाखवा, तो पंखा शोधणार. (बरं, राणीच्या बागेच्या दारातच भाऊ दाजी लाड म्युझियम आहे, १८७२ चं, आत मुंबईच्या जुन्या व्यवसायांतल्या माणसांच्या मातीच्या इतक्या बारीक मूर्ती आहेत की मुलं हलत नाहीत, आणि बाहेर घारापुरीचा तो दगडी हत्ती. परत कधी तिकडे गेलात तर बुधवार सोडून जा आणि चालू आहे ना ते आधी बघून घ्या.)

यावेळी एकच भाग धरा, फोर्ट आणि काळा घोडा, बाकी सगळं सोडा. सकाळी आठच्या आत सीएसएमटी, ऊन चढायच्या आधी बाहेरून बघायचं ते बघून घ्या, मग क्रॉफर्ड मार्केट. आंबे तेव्हाच घेऊ नका, दिवसभर कोण पेटी वागवणार, भाव काढून ठेवा आणि परतताना घ्या. मग नाश्ता करून बसने किंवा टॅक्सीने काळा घोडा, चालत जाऊ नका. जहांगीर अकराला उघडतं, सातपर्यंत असतं. बाहेर फुटपाथवर पण चित्रकार चित्रं लावून बसतात, तिथे काही हजारात, कधी त्याहून कमीत हाताने काढलेलं खरं चित्र मिळतं. दुपारचं कडक ऊन शेजारच्या वस्तुसंग्रहालयात काढा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्याला तिकीट आहे पण पैसे वसूल होतात हे मी छातीठोक सांगते. तो घुमट बघून तुम्हाला विजापूरच्या गोलघुमटाची आठवण येईल. तिथे सगळं बघायचा हट्ट करू नका, जुन्या लघुचित्रांच्या दालनात जा, वहीच्या पानाएवढ्या चित्रात पाऊस, राजवाडा, घोड्यांचे केसन् केस, आणि मुलीला सांगा एकच निवड आणि त्याचं स्केच कर. समोर रस्त्यापलीकडे एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, गोल जिन्याने वर वर चढत बघायचं, छान थंड असतं, फक्त सोमवारी बंद. जमलं तर जा, नाही जमलं तर राहू दे. संध्याकाळी चालत गेटवे, वारा सुटलेला असतो, ताडगोळे खा. जूनमध्ये वळवाची सर येऊ शकते, छत्री ठेवा.

जहांगीरमध्ये दोन गोष्टी करा. एक, यादी हातात घ्यायची नाही, निदान पहिली फेरी होईपर्यंत. प्रत्येकाने मनात एक चित्र निवडायचं, घरी न्यायला मिळालं असतं तर कुठलं आणि कुठल्या भिंतीवर, आणि मग एकमेकांना सांगायचं. मिस्टरांनी पण. तुम्ही पण, कारण पूर्ण पत्रात तुम्हाला त्या दिवशी काय आवडलं हे कुठेच नाहीये, नवऱ्याचं आहे, मुलीचं आहे, तुमचं नाही.

दुसरं, मिस्टरांनी चित्रकाराशी बोलायचं. ते करड्या चित्राचे चित्रकार आता तिथे नसतील, दुसरे कुणी असतील, पण जहांगीरची ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते की ज्याने काढलं तो माणूस बहुतेक वेळा तिथेच खुर्चीवर बसलेला असतो. दुकानात कापड घेताना विणकर भेटतो का? इथे भेटतो. तर सरळ जाऊन म्हणायचं, आम्ही सोलापूरहून आलोय, आम्हाला यातलं कळत नाही, हे तुम्ही कसं केलं ते सांगाल का. किती दिवस लागले, आधी कुठला रंग लावला, संपलं हे कधी कळतं. मिस्टर कारखान्यातले आहेत, काम कसं होतं हे विचारायला त्यांना आवडेल, आणि आठवडाभर लोकांच्या पाठी बघत बसलेल्या चित्रकाराला असा माणूस भेटला तर तो मनापासून सांगतो, मी असे कितीतरी बघितलेत. मागच्या वेळी बोलणं ऐकलेल्या चित्रकारांचं मनाला लावून घेऊ नका, त्यांनी हे आधी शंभरदा ऐकलेलं असणार. मुलीला मात्र लागलंय. तिला बाबांची माफी नकोय, तिला तिचे बाबा एखाद्या चित्रासमोर पाच मिनिटं उभे राहिलेले बघायचेत.

आता आर्टला जायचंय त्याबद्दल. आज होकारही देऊ नका आणि नकारही. खोटी आशा लावणार नाही, फक्त चित्रं विकून घर चालवणारे थोडे असतात, आणि चालायला लागायला वर्षं जातात, मिस्टरांची काळजी त्या बाबतीत बरोबर आहे. पण आर्टचं शिक्षण म्हणजे फक्त पेंटिंग नाही, उपयोजित कला म्हणजे अप्लाइड आर्ट आहे, त्यातून जाहिरात, पुस्तकं, पॅकेजिंग, अ‍ॅनिमेशन, शिवाय टेक्स्टाइल डिझाइन आहे, आणि ते तर तुमच्याच गावचं काम, चादरीवर जो मोर विणला जातो तो आधी कुणीतरी कागदावर काढलेला असतोच की. शाळेतून इंटरमीजिएटचा, म्हणजे एलिमेंटरीच्या पुढच्या चित्रकला परीक्षेचा फॉर्म यावर्षी भरायला लावा, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतील का ते शाळेत विचारून घ्या, मिळणार असतील तर मिस्टरही नाही म्हणणार नाहीत. दहावी-बारावी नीट करू दे, बारावीनंतर बीएफएची, म्हणजे कलेच्या पदवीची प्रवेश परीक्षा (सीईटी) असते, आणि जे. जे. सोडून नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला पण सरकारी कला महाविद्यालयं आहेत. तोपर्यंत तीन वर्षं हातात आहेत. या तीन वर्षांत तिला रोज एक स्केच काढू दे, सोलापुरातच, भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, बाजारातल्या बाया, बाबांच्या कारखान्यातला माग. हो, मागाचं तर नक्कीच, एका रविवारी मिस्टरांनी तिला सोबत न्यावं, आणि तिने काढलेल्या मागात कुठला भाग चुकलाय ते त्यांनी दाखवावं, त्यांच्याइतकं ते दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

तुमची,
ताई